कौतिक अक्कांचं न नांगरलेलं वावर

अक्का, मला हात दिला तो तुम्ही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं मी कुठं रडेन, कुठं तुमच्याशी भांडेन, माझं मलाच सांगता येत नाही. माझ्या सख्ख्या भावानं मला तुमच्या ओट्यावर टेकवलं, "पाडव्याला न्यायला येतो" म्हणाला आणि गेला. तुम्ही मला आत घेतलं. बरं-वाईट जे काही झालं, ते सगळं त्यानंतरचं.

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. वावरात मी एकटीच आहे. रोज उजाडताना तुम्ही खाटेवरून विचारायच्या, "आज कोन उनं व?" कोण आलं म्हणजे माणूस नव्हे. तळ्यावर कोणतं पाखरू उतरलं, बांधावरून कोणतं जनावर गेलं, ते. मी चूल पेटवता पेटवता सांगायची. परवा खोकड आली होती पाण्यावर, मागं पिल्लं. मी तीन मोजली. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, "तीन नही, चार. एक देख, गवतमा बठेल शे." आणि असतंच चौथं. आता मी तीन म्हटलं की तीनच. दुसरं कुणी मोजायलाच नाही.

तुमचं नाव कौतिक होतं, हे मला दशक्रियेच्या कार्डावर कळलं. चौदा वर्षं एका चुलीवरचं खाल्लं आणि नाव ठाऊक नव्हतं. तुम्ही सगळ्या गावाच्या अक्का, माझ्याही अक्का. बायकांच्या घोळक्यात मी मागं उभी होते, तेव्हा तुमच्या माहेरच्या कुणी एकीनं विचारलं, "तू कोन शे व त्यासनी?" मी म्हटलं, राखणदारीण. ती "हां" म्हणाली आणि पुढं सरकली. दुसरा शब्द मला सुचला नव्हता. अजूनही सुचलेला नाही.

आमची ऊसतोडीची टोळी बीडकडची. मी भाऊ-भावजयीबरोबर आलेली, नवऱ्यानं टाकलेली, पंचविशीतली. चौथीपर्यंत शाळा झाली होती, ती पण अर्धीच, कारण दिवाळी झाली की आम्ही पोरं गाडीत बसून आईबापाबरोबर ऊस तोडायला. तुमच्या शेजारच्या मळ्यात ऊस तोडताना माझ्या पायावर कोयता पडला. टोळीला पुढच्या फडावर जायचं होतं. तुम्ही बांधावरून हे बघत होत्या. बैलगाडी जुंपून मला चोपड्याच्या दवाखान्यात तुम्ही नेलं, टाके पडताना माझं डोकं तुमच्या मांडीवर होतं. मी सारखं म्हणत होते, मला जाऊ द्या, टोळी निघून जाईल. तुम्ही म्हणाल्या, "पाय सडी गया ते तुना भाऊ काय लई जाई?" मला त्यातलं अर्धंच कळलं. तुमची भाषा मला आधी गुजरातीच वाटली होती. आणि तुम्ही माझं बोलणं ऐकून म्हणायच्या, बीडचं बोलणं म्हणजे दगडावर दगड.

पाडवा गेला. आखाजी गेली. भाऊ आला नाही.

इथं आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचं साल संपतं. त्या दिवशी मालक सांगतो, राहा किंवा जा. हे मला गावातल्या बायकांनी सांगितलं आणि ते माझ्या मनात घट्ट बसलं. मी सालदार नव्हते, तुम्ही मला कधी कामावर ठेवलंच नव्हतं. तुम्ही नुसतं ठेवून घेतलं होतं. पण भिणाऱ्या माणसाला हा फरक कळत नाही. दर आखाजीला, चौदा वर्षं, मी मनातल्या मनात गठुडं बांधून बसायची. हे तुम्हाला मी कधी बोलले नाही. तुम्हाला ते कळत होतं का, हे पण कधी विचारलं नाही.

त्या पहिल्या वर्षी तुम्ही भुईमूग पेरला. पाखरं उकरून दाणे खात होती, म्हणून मला राखणीला बसवलं. नऊ एकर वावर, मी एका पायानं लंगडी. मी रिकामा डबा बडवत विहिरीकडच्या टोकाला पोचले की पाखरं डोंगराकडच्या टोकाला. तिकडं गेले की इकडं. तुम्ही ओट्यावरून हसायच्या, "पाखरेसले बी समजी गयं, राखण लंगडी शे." मीही हसायची. पण मनात यायचं, जिला एवढंसुद्धा जमत नाही, तिला कोण किती दिवस ठेवील?

चौथ्या दिवशी तुम्ही फवारायचं औषध ज्वारीला चोळलं आणि ती ज्वारी बांधाच्या कडेकडेनं टाकली. सगळेच टाकायचे. तुमच्या हातात गोणपाटाचा तुकडा गुंडाळलेला होता, तोंडाला पदर. मला जवळ येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघी गेलो. अकरा तितर, तीन लांडोरी, एक मोर. होले आपण मोजलेच नाहीत. मोराला अजून जीव होता. तुम्ही त्याच्यासमोर बसून राहिल्या, हात लावायचा की नाही हे न कळल्यासारख्या. मग मला म्हणाल्या, फावडं आण. विहिरीच्या मागं आपण खड्डा केला. मी एका पायावर जोर देऊन माती ओढत होते. सगळं झाल्यावर तुम्ही हात धुतले, पुन्हा धुतले, आणि म्हणाल्या, "कोनले सांगू नको."

मी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही वावर नांगरलं नाही. लोक विचारायचे, तुम्ही म्हणायच्या, "आंग थकनं. मजूर भेटत नही." कुणी मक्त्यानं मागितलं तर दिलं नाही. दोन वर्षांत कुंदा आणि पवन्या गवत कमरेएवढं झालं, बांधावर बोरी आणि हिवरं उठली. लोक त्याला अक्कांचं पडीत म्हणायला लागले. तुम्ही खोलगट कोपऱ्यात तळं खोदून घेतलं. विहिरीचं पाणी पिकाला नाही तर तळ्याला जातंय, हे बघायला शेजारचे लोक मुद्दाम यायचे आणि डोक्याला हात लावून जायचे. तुम्ही त्यांना चहा द्यायच्या. चहा तेवढा भरपूर द्यायच्या, उत्तर काही द्यायच्या नाहीत.

मला तुम्ही घरटी शोधायला शिकवलं नाही. ते मला येत होतं. राखण करून करून पाखरू कुठून उठतं, कुठं बसतं हे डोळ्याला ठाऊक झालं होतं. ज्या नजरेनं हाकलायचं तीच नजर आता सांभाळायला लागली. घरट्यापासून दहा पावलांवर आपण खूण म्हणून चुन्यात बुडवलेला दगड ठेवायचो. जवळ ठेवला तर कुत्र्यांना कळतं, हे आपण एकदा चूक करूनच शिकलो.

मग मोरे गुरुजी आले. खालच्या गावच्या शाळेतले. सहल काढायची तर कुठं, बस परवडत नाही, म्हणून तुमचं पडीत बघायला पोरं घेऊन आले. अंजनाच्या झाडाखाली पोरं बसली. तुम्ही सांगितलं, आमच्या मालकांना पाखरांची फार आवड, त्यांच्या आठवणीसाठी हे राखलंय. मी मागं पाण्याची घागर घेऊन उभी होते. मला हसू आवरेना. तुमचे मालक मी पाहिले नव्हते, पण त्यांची गोफण खुंटीला होती आणि तिच्या गोष्टी तुम्हीच मला सांगितल्या होत्या. पोरं गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, मालकांना आवड होती हे खरंय. पण ती ताटातल्या पाखरांची." तुम्ही खोटं खोटं रागावल्या आणि मग इतक्या हसल्या की तुम्हाला ठसका लागला.

तेव्हा ते हसण्यावारी गेलं.

आता ते लिहिते, जे लिहायला हात धजत नाही.

चौथ्या वर्षीची आखाजी जवळ आली होती. तुम्ही धुळ्याला पुतण्याच्या लग्नाला गेल्या होत्या, चार दिवस. मी पाणी भरायला गावात गेले की बायका टोचायच्या, "राखण ठेयेल शे, आनि वावरले जटा फुटन्यात! आखाजीले अक्काना पितर येतीन ते वाट सापडी का त्यासले?" सगळ्या हसायच्या. घरोघर वावरं साफ चाललेली, पऱ्हाटी उपटलेली, धसकटं वेचलेली, बांध जाळलेले. आखाजीच्या आधी जमीन कशी न्हायलेल्या पोरीसारखी पाहिजे. आमच्याकडंही हेच. माझ्या आईनं मला चालायला शिकवलं त्याच्या आसपासच धसकटं वेचायला शिकवलं असेल.

आणि माझं ते भय. साल संपत आलं होतं. मी काय काम केलं होतं वर्षभर? दगडांना चुना लावला. कुणी विचारलं असतं तर सांगायला लाज वाटली असती.

तुम्ही यायच्या आधी वावर लखलखीत करून दाखवावं, असं मी ठरवलं. तीन सकाळी राबले. आतलं गवत नाही कापलं, तेवढं भान होतं. म्हटलं, घरटी आत आहेत, आपण दगड लावलेत. बांधावर दगड नव्हते. मी बांधावरचं गवत ओढून ओढून तिथल्याच उभ्या गवतावर टाकलं, वारा पडल्यावर पेटवलं. हिरवा फांदोरा हातात घेऊन आगीबरोबर चालत गेले, कुठं आत सरकू दिली नाही. सगळं नीट केलं. इतकं नीट काम मी जन्मात केलं नव्हतं.

राख निवाल्यावर झाडायला गेले तेव्हा ती दिसली. तितराची मादी. उठली नव्हती. अंड्यांवर तशीच बसलेली होती, पंख थोडे पसरून, सगळी काळी. मी तिला काटकीनं हलवलं. खाली सात अंडी. पुढं अजून दोन ठिकाणी तसंच. दगड बांधावर नव्हते, कारण मी बांधावर कधी शोधलंच नव्हतं. बांध जाळायचाच असतो, तिथं काय शोधायचं?

तुम्ही एसटीनं उतरल्या. बांध रस्त्यावरूनच दिसतो. मी ओट्यावर उभी होते, गठुडं बांधून तयार.

"हाई कोनी करं?"

"मी केलं. आखाजी आली म्हणून."

तुम्ही पिशवी खाली ठेवली नाही. तशाच बांधावर गेल्या, पूर्ण बांध चालून आल्या. मला वाटलं, आता माराल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही माझ्या काखेतल्या गठुड्याकडं बघितलं.

"कोठे जाशी? तठे कोन तुनी वाट देखी ऱ्हायनं?"

अक्का, इतकं खरं आणि इतकं कडू मला कुणी बोललं नाही. मी गठुडं खाली ठेवलं. तुम्ही आत गेल्या, पाणी प्यायल्या, आणि आतूनच म्हणाल्या, "परवदिन गुरुजी पोरं लई येतीन. त्यासले तू सांगशी."

"काय सांगू?"

"हाईच. जे करं ते."

मी पाया पडले, रडले. म्हटलं, वाटेल ते काम सांगा, हे नका सांगू. मी चौथी न झालेली बाई, शाळेतल्या पोरांसमोर उभी राहून काय बोलू? तुम्ही ऐकलं नाही. तिन्ही घरटी तशीच ठेवायला लावली, प्रत्येकावर टोपली पालथी घालून.

चाळीस पोरं होती. मी सांगितलं. काय बोलले आठवत नाही, माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मग टोपली उचलली. पोरं एकमेकांना ढकलत पुढं आली आणि एकदम थांबली. एक वेणीवाली पोरगी होती, नाकात तार. ती म्हणाली, "तिले उडता येत नव्हतं का?"

"येत होतं," मी म्हणाले.

"मंग?"

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही अंजनाकडं बघत होत्या. त्या "मंग"चं उत्तर कुणी दिलं नाही. पण पुढच्या आठवड्यात ती पोरगी आपल्या बापाला घेऊन आली, आणि बापानं मला विचारलं, "बाई, बांध न जाळता गवत कसं काढू? पोरगी काडी लावू देत नाही."

त्याच्यानंतर दर वर्षी पोरं आली. एका गावची, दोन गावची, मग पाचोऱ्याहूनसुद्धा एक शाळा. वनखात्याचे एक साहेब येऊन रोपं देऊन गेले, पाटी लावून गेले. मांडव झाला, बरण्या आल्या, सापाची कात, सुगरणीचा खोपा, साळिंदराचे काटे. तुम्ही मालकांच्या आवडीचं सांगायच्या, मी बांधाचं सांगायची. सुरुवात तुमची, शेवट माझा. लोक म्हणायचे, सुमनबाई सांगते ते ऐकण्यासारखं असतं. मला अभिमान वाटायचा आणि पुढच्याच घटकेला आत काहीतरी चिरडल्यासारखं व्हायचं. किती वर्षं मी त्या मादीला माझ्या तोंडानं जाळायचं?

म्हणून आपलं भांडण झालं. आठ वर्षं झाली होती मला इथं. पोरं नुकतीच गेली होती, तुम्ही म्हणाल्या, आज तू घाईत सांगितलंस. माझा तोल गेला.

"माझं दर वर्षी सांगायचं. आणि तुमचं? ती ज्वारी? विहिरीमागचं?"

तुम्ही सुपात दाणे निवडत होत्या. हात थांबले.

"मालकांची आवड! कुणाच्या मालकांची? मी खरं सांगून लाज घ्यायची आणि तुम्ही खोटं सांगून मान घ्यायचा?"

तुम्ही सूप बाजूला सरकवलं. मग खाली बघूनच म्हणाल्या, "तू परकी शे, सुमन. तुले लोके माफ करतीन. माले कोन करी? मी आठली शे."

तुम्ही इथल्या, मी परकी.

तीन दिवस आपण बोललो नाही. एका चुलीपाशी, एका विहिरीवर, तोंडं फिरवून. चौथ्या दिवशी उजाडताना तुम्ही विचारलं, "आज कोन उनं व?" मी सांगितलं, दोन भारद्वाज. झालं. भांडण मिटलं असं तुम्हाला वाटलं असेल. माझ्याकडून ते मिटलं नव्हतं. मी तो शब्द सहा वर्षं उशाला घेऊन झोपले. तुमच्या बाजूनं विचार मी आता करतेय, तुम्ही नसताना. तुम्हाला गावात चार भाऊबंद, दोन दिरांची घरं, त्यांच्यासमोर रोज जायचं. मोर मारला हे एकदा गावात सुटलं की ते तुमच्या मागं स्मशानापर्यंत येणार. मी उद्या बसमध्ये बसून गेले असते तर माझी चूक माझ्याबरोबर गेली असती. एवढंच म्हणायचं होतं का तुम्हाला? मग त्याला दुसरा शब्द नव्हता का हो?

हे विचारायचं राहिलं. जीपमध्ये तुम्हाला जळगावला दवाखान्यात नेत होते, तेव्हा मी खिडकीशी होते. वाटलं, आता बोलाल काही. तुम्ही म्हणाल्या, "कुंडीमा पानी भरी ठेव. ऊन शे." मी पाखरांच्या कुंड्या भरत होते तेव्हा तिसऱ्या दिवशी निरोप आला.

दिवसकार्य झाल्यावर तुमचे पुतणे वावरात आले. प्रकाशभाऊ, धुळ्याचे, ज्यांच्या लग्नाला तुम्ही गेल्या होत्या तेच. माणूस वाईट नाही. माझ्यासाठी साडी आणली होती. उभ्या उभ्याच बोलले.

"सुमनताई, नाराज होऊ नका. तुमची सोय बघूच. पण नऊ एकर असं किती दिवस ठेवायचं? शेजारच्या मळ्यापर्यंत पाइपलाइन आलीय. केळी लागेल. उद्या सकाळी ट्रॅक्टर सांगितलाय, आखाजीच्या आत नांगरून घेऊ."

मी म्हटलं, "अक्कांनी राखलंय."

"काकूंची हौस होती. काकूंबरोबर गेली."

"हौस नव्हती, भाऊ."

"मग काय? काकांना पाखरं आवडायची ते ना? पाठ आहे मला. अहो, काका होला दिसला की गोफण काढायचे! मी लहानपणी इथं होल्याचं कालवण खाल्लंय, त्यांच्याच हातचं."

मला हसू फुटलं, अक्का. त्यांनाही. तुमच्या ओट्यावर, तुम्ही नसताना, आम्ही दोघं हसलो. आणि हसता हसता मला कळलं की उद्या सकाळी ट्रॅक्टर येणार, खोकडीचं बीळ फाळाखाली जाणार, आणि ते थांबवायला माझ्याकडं एकच गोष्ट आहे. ती माझी नाही. तुम्ही ती सांगू नको म्हणाल्या होत्या.

मी सांगितली.

औषध, ज्वारी, अकरा तितर, लांडोरी, मोर. माझा लंगडा पाय पण सांगितला, की मला राखण जमली असती तर अक्कांना ज्वारी टाकावी लागली नसती. ते खाली बसले. बराच वेळ हातातली किल्ली फिरवत राहिले.

"कुठं पुरलं?"

मी त्यांना विहिरीच्या मागं नेलं. तिथं काही नाही, आपण तिथं झाडसुद्धा लावलं नव्हतं. नुसतं गवत. ते त्या गवताकडं बघत होते.

"मला का नाही सांगितलं काकूनं? मी काय बोललो असतो तिला?"

"तुम्ही इथले म्हणून," मी म्हटलं.

हे बोलले आणि मला तुम्ही आठवल्या. तुमचंच वाक्य होतं, पण मला ते असं कळलेलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्यातला एकच शब्द धरून बसले. खड्डा खणायला तुम्ही हाक मारली ती मला. इथल्या कुणाला नाही. ज्याच्यासमोर लाज झाकावी लागत नाही, त्याला तुमच्याकडं परकी म्हणत असतील, तर असू द्या.

प्रकाशभाऊ ट्रॅक्टरवाल्याकडं जाऊन आले. म्हणाले, "यंदा राहू द्या. पुढच्या आखाजीचं पुढच्या आखाजीला बघू." कायमचं काही बोलले नाहीत आणि मी मागितलं नाही. जाताना चप्पल घालता घालता विचारलं, "ताई, तुम्ही राहणार ना?" चौदा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी हे विचारलं. तुम्ही कधी विचारलं नव्हतं, अक्का. तुम्ही धरूनच चालल्या होत्या.

आखाजीला तुमच्या नावाची घागर त्यांनी धुळ्याला भरली. भावकीतला मान, मी कोण त्यात बोलणार? मी इथं तळ्याच्या काठाशी बसून राहिले दुपारभर. तितर ओरडत होते. बांध यंदा पिवळा आहे, गुडघ्याएवढा.

काल गुरुजी पोरं घेऊन आले. तुमच्यासाठी सगळे एक मिनिट उभे राहिले, त्यात दोघं-तिघं खिदळली, तुम्ही असत्या तर तुम्हीही खिदळल्या असत्या. मग सगळी माझ्याकडं बघायला लागली. सुरुवात तुमची असायची. मला सुरुवात येईना. मालकांच्या आवडीचं माझ्या तोंडी बसेना आणि ज्वारीचं जिभेवर येईना. मी सरळ बांधाचं सांगितलं. गुरुजींनी तुमच्यावर चार ओळी मागितल्या आहेत, शाळेच्या अंकासाठी. त्यात तुम्ही तळं कसं खोदलं ते लिहीन. हे जे लिहिलंय ते तुमचं आणि माझं.

पण अक्का, तुमचं गुपित मी एकदा फोडलं आहे, वावर वाचवायला. तेवढ्यावर सोडलं तर ती चुगली होईल. तुम्ही मला माझी चूक चाळीस पोरांसमोर बोलायला लावली, म्हणून मी गठुडं घेऊन पळाले नाही, माणसात राहिले. हे मला तेव्हा कळलं असतं तर तेव्हाच पाया पडून सांगितलं असतं. तुमच्यासाठी हे करायला कुणीच नव्हतं. तुमची चूक तुम्ही एकटीनं नऊ एकरभर पसरून ठेवली आणि तिच्यात राहिल्या.

हे मी फेडीन. आज नाही, माझी जीभ अजून तेवढी धीट नाही. पण एक दिवस अंजनाखाली पोरं बसली असतील आणि सुरुवात मी ज्वारीपासून करीन. औषध, बांध, मोर, खड्डा, सगळं. आणि तेव्हा, अक्का, मी "अक्कांनी केलं" असं म्हणणार नाही. "आम्ही केलं" म्हणेन.